चिलापीचा हौद

वहिनी, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. आपल्या सुलीच्या, तुमच्या लेकीच्या लग्नातला फोटो, नाकात नथ, आणि खाली लिहिलंय, 'प्रेमळ, सोज्वळ, मनमिळाऊ'. हे शब्द आमच्यापैकी कुणी दिले नाहीत, छापणाऱ्याकडे ते तयारच असतात. तुम्ही वाचलं असतंत तर पदर तोंडाला लावून म्हणाला असतात, "आवो भावजी, ही कोन बाई गेली म्हनायची? वळखीची वाटंना!"

त्याच्या खाली 'शोकाकुल' म्हणून दादाचं नाव, आणि दादाच्या खाली लगेच माझं. कंपनीची बस घेऊन मी रोज सकाळी हिंजवडीला निघतो तो त्याच चौकातून. आधी टपरीपाशी गाडी हळू करायचो, कुणी ना कुणी हात करायचं, एखादी शिवी हासडून पुढं जायचो. आता काच वर करून सरळ काढतो. धाकटा दीर म्हणून तुमच्या फोटोखाली मान वर करून उभं राहावं असं मी काही केलेलं नाही. काय केलं ते सुलीला सांगून झालं, शेजारच्या सोपानतात्यांच्या पाया पडून झालं, टपरीवर चारचौघांत बोलून झालं. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलंय.

परसातला तो हौद बैलांचा, तुम्हाला काय सांगायचं. बैल विकले, हौद कोरडा पडला, त्यात दादा सरपण टाकायला लागला. तुम्ही ताम्हिणी घाटाखालच्या. मासळीवर वाढलेल्या. आमच्या माले गावात मटण शिजलं तर जेवण, बाकी सगळं तोंडी लावणं. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होतो, नाक पुसायची अक्कल नव्हती. तुम्ही मला न्हाऊ घातलंत, बडवलंत पण. मासळीवाचून तुमचा जीव कसा कासावीस व्हायचा ते मी तेव्हापासून बघतोय. आणि एक दिवस तुम्ही धरणाच्या काठी जाळं टाकणाऱ्याकडून बोटबोटभर चिलापी मासे कळशीत घालून घेऊन आलात, सरपण बाहेर फेकलंत, हौद घासलात, आणि भरलात. आख्खी आळी बघायला लोटली होती. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो.

तुमचं सकाळचं पहिलं काम हौदावर. चूल नंतर. हौदातलीच कळशी भरायची, हात डोक्याच्या वर न्यायचा आणि उंचावरून पाणी परत हौदातच सोडायचं. परत भरायची, परत सोडायचं. मी एकदा विचारलं, "वैनी, हौदातलं पानी हौदात ओतताय, डोस्कं ठिकानावर हाय ना?"

"वारं घालतीया मासळीला," तुम्ही म्हणालात. "रातीचं पान्यातला दम सरतो. ह्ये बगा, कशी तोंडं वर काढल्यात. तुमी वाकळंत डोस्कं खुपसून निजला तर गुदमरत न्हाई व्हय?"

मग कोंडा. त्यात शिळ्या भाकरीचा चुरा, भिजवलेली पेंड, सगळं मळून लहान लहान गोळे. हौदाच्या कडेवर हात ठेवला की सगळी चिलापी तुमच्या बोटांकडं धावायची, माझा हात दिसला की पांगायची. वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधलेली, बगळा आणि कावळा नको म्हणून. पाणी हिरवंकच्च झालं की तळाचं बूच थोडं सैल करायचं. लाकडाचं ठोकळं, चिंधी गुंडाळलेलं. ते पाणी अळूच्या वाफ्यात जायचं आणि अळूची पानं सुपाएवढी व्हायची.

एकदा तुम्ही मला हाताला धरून ओढत नेलंत. एक मोठी मादी कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्या तोंडापुढं मोहरीएवढी पिल्लं. मी वाकलो तशी सगळी पिल्लं तिच्या तोंडात शिरली आणि तिनं तोंड मिटलं. मी ओरडलो, "आवो खाल्ली की तिनं!" तुम्ही इतक्या हसलात की कडेला टेकून बसलात. "खातीया कशाची? अंडी बी तोंडातच, पिल्लं बी तोंडातच. तवर ही सोता घास घेत न्हाई. बघा तिचं पोट, चिपाड झालंय." आणि मग माझ्याकडं बघून म्हणालात, "तुमाला बी असंच वाढवलंय मी, तुमी मातूर भायेर आल्यावर मलाच चावताय." थट्टेत म्हणालात. मीही थट्टेतच घेतलं.

आपलं भांडण ठाऊक आहे सगळ्या आळीला. मी पुढच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, शनिवार-रविवारी पुण्याचे लोक येऊन राहावेत म्हणून. आता मुळशीत कोण बांधत नाही? एक कुटुंब आलं, बाई नाकाला रुमाल लावून मला म्हणाली, "भैया, ये स्मेल किधर से आ रहा है?" मी सरळ म्हणालो, "शेजारच्यांचं आहे." शेजारच्यांचं! तुम्ही पाठीमागं अळूची पानं खुडत होतात, सगळं ऐकलंत, आणि त्या बाईला चहा नेऊन दिलात. त्याच आठवड्यात मी विषय काढला की हौद काढू, तिथं फरशी घालून लहानसा पोहायचा टँक करू, पोरंबाळं डुंबतील.

"पावन्यास्नी डुंबायला पानी पायजे, आन मासळीला नको व्हय?" तुम्ही म्हणालात. "मी मेल्यावर काय ती फरशी घाला."

आणि मी? मी तुमच्या हौदातली मासळी खायची नाही अशी शपथ घेतली. बैलाच्या हौदातली घाण मी तोंडात घालणार नाही, असं ताट सरकवून म्हणालो होतो. धरणातली असेल तर खाईन. मग तुम्ही दर बुधवारी पौडहून येणाऱ्या मासळीवालीकडून धरणातली चिलापी घ्यायला लागलात, माझ्यासाठी वेगळी. तव्यावर तांदळाच्या पिठात घोळवलेली, वर कोकमाचा आंबटपणा. मी काटे चोखत म्हणायचो, "बघा, वाहत्या पाण्याची चवच निराळी. हौदाला चिखलाचा वास मारतो." तुम्ही आणि माझी मंगल एकमेकींकडं बघायचात आणि भाकरी थापायला लागायचात.

दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावलेल्या होत्या. दादा बाहेर बाकड्यावर. मी आत आलो तर तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं, पाणी मागताय. तुम्ही विचारलंत, "भावजी, कोंडा टाकला का मासळीला?"

मी म्हणालो, "टाकला."

टाकला नव्हता, वहिनी. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सोपानतात्या शेजारून भिंत ओलांडून येऊन सकाळ-संध्याकाळ टाकत होते, कळशीनं वारंही घालत होते, त्या वयात, हात थरथरत. मला ते नंतर कळलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. माझ्याशी तुमचं शेवटचं बोलणं ते.

आता त्या दिवसाचं.

तुम्हाला पोचवून आम्ही परत आलो. शेजारणीनं दारात ठेवलेल्या बादलीनं पाय धुतले, कडुलिंबाचा पाला चावला. ऊन चांगलं चढलेलं. दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणजे घरातला कर्ता मी. सुतकाचं पाणी घरात ठेवायचं नाही, ही आपली रीत. बायकांनी माठ उपडा केला, हंडे-कळशा रित्या केल्या, मोरीतला पिंप लवंडला. आधी ओतायचं आणि मग ताजं भरायचं. ताजं भरायचं तर लाइट गेलेली, बोअरची मोटार बंद, आणि नळाला पाणी संध्याकाळी. त्याचा विचार कुणी केला नाही. अशा वेळी कोण करतं?

तात्या परसातून आले. "बाळू, हंडं-कळशा झाल्या. हौदाचं काय करायचं? त्यात वैनीची मासळी हाय."

मी काय बोललो ते तुम्हाला शब्दाला शब्द सांगतो, वाढवत नाही आणि लपवत नाही. मी म्हणालो, "तात्या, सुतकाचं पानी म्हंजी सगळं पानी. हौद काय घराच्या भायेर हाय का?"

तात्या घुटमळले. "आरं पर वैनीचा जीव त्यात..."

"वैनी गेली आता," मी म्हणालो. "मोकळा करा."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते विचारू नका. नाही, विचारा. मी रडतच होतो, खोटं नाही. तोंडात लिंबाचा कडूपणा होता. आणि त्या रडण्याच्या आत, मेल्याहून मेलेला, मला विचार आला की बरं झालं, हौद आपोआप सुटला. भांडण न करता. रीतीच्या नावाखाली कुणी मला बोलणारही नाही. इतकी वर्षं तुमच्यापुढं जे मला करता आलं नाही ते तुमच्या राखेची धग जायच्या आत मी करून घेतलं. मासे कुणी ना कुणी बादलीत धरेल, असंही वाटलं. बादलीत पाणी कुठलं, वहिनी? घरातला थेंबन् थेंब आम्हीच ओतला होता.

तात्यांनी मच्छरदाणी सोडली, बूच उपसलं. अळूच्या वाफ्यात पाण्याचा लोंढा आला. मी पाठीमागं उभा होतो. पाणी सरत आलं तशी चिलापीची पाठ दिसायला लागली, मग सगळी आडवी, तापलेल्या सिमेंटवर फटाफट आपटायला लागली. तो आवाज अजून कानात आहे. सुली आतून धावत आली. "आईचे मासे!" तिनं हंडा उचलला, रिकामा. कळशी उचलली, रिकामी. तरीही हातानं मासे उचलून ती रिकाम्या हंड्यात टाकत होती आणि पाणी, पाणी म्हणून ओरडत होती. मंगल शेजारी पळाली, कुठून तरी अर्धी बादली आणली, पण एवढ्या माशांना अर्धी बादली काय पुरणार? एकावर एक दाटीनंच गेले. ती मोठी मादी तळाच्या ओलीत पडली होती. तिचं तोंड उघडलेलं, आणि पुढं मोहरीएवढी पिल्लं सांडलेली. मी तिथून नजर काढून घेतली.

सुलीनं वळून विचारलं, "कुनी काढलं बूच?"

तात्यांच्या मुठीत ते तसंच होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, पण बोलायला पुष्कळ होता. मी खाली बघितलं. तात्या म्हणाले, "म्या काढलं, पोरी."

मग सुली जे बोलली ते तुमच्या पोरीच्या तोंडून कधी आलं नव्हतं. "तुमी माणूस हाय का कोन? माझ्या आईच्या मातीला आलात आन माझ्या आईचं घर मोडलंत! दहाव्याला येऊ नका. आईच्या पिंडाला हात लावू नका." तात्या मान खाली घालून भिंतीपलीकडं गेले. तोवर कावळे उतरले होते. मच्छरदाणी नव्हती, राखणारं कुणी नव्हतं. घाटावरचे, पिंपळावरचे, सगळ्या गावचे कावळे तुमच्या हौदात शिरले. त्या दिवशी त्यांनी तुमची मासळी खाल्ली, वहिनी. आम्ही आत पाहुण्यांनी आणलेला कडू घास खात होतो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. सोपानतात्याचं डोकं फिरलंय. म्हातारपणी रीतीचं वेड लागलंय. मी ऐकलं. दोघातिघांनी माझ्यापुढंच म्हटलं, मी "चालायचंच" म्हणालो. ह्या 'चालायचंच'ची लाज मला सगळ्यात जास्त वाटते. हौदाचं मी एका झटक्यात बोलून गेलो, असं तरी म्हणता येईल. गप्प मात्र मी रोज, सकाळ-दुपार, शुद्धीत बसलो.

दहाव्याला घाटावर तुमचा पिंड ठेवला. पान ठेवलं, चहा ठेवला, भाकरी ठेवली. कावळा काही येईना. पिंपळावर बसून नुसता मान वाकडी करून बघतोय. दादा म्हणाला, "सुलीचं मी बघतो, काळजी करू नगंस." नाही आला. सुली दादाचा हात धरून म्हणाली, "आई, आप्पांना मी अंतर देनार न्हाई." नाही आला. ऊन वाढलं, भटजी दर्भाचा कावळा करायची भाषा बोलायला लागले. तात्या लांब, नदीच्या पलीकडच्या पायवाटेवर उभे होते, छत्रीची सावली करून. सुलीनं येऊ नका म्हटलं होतं, म्हणून तिथं.

दादा माझ्याकडं वळला. "बाळू, तिचा जीव मासळीत आडाकलाय. तुमची तंडातंड त्याच्यावरच व्हती. तू बोल."

मी पुढं झालो. हात जोडले. तोंडातून काय बाहेर पडलं? "वैनी, मासळी बरी हाय. मी बघतोय."

आणि कावळा आला. सरळ खाली उतरला, पिंडाला चोच लावली. "शिवला, शिवला!" लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणी माझी पाठ थोपटली. दादा माझ्या गळ्यात पडून रडला, "बाळू, तू राखलंस रं." सगळ्यांना ठाऊक होतं मासे मेलेत. आजारी माणसाला धीर द्यायला बोलतात तसं मी बोललो, असंच सगळ्यांनी धरलं. पण त्या कावळ्याला कोण फसवणार? त्यानंच तर ते मासे खाल्ले होते. सगळं बघून तो खाली आला. माझ्या शब्दाला तुम्ही दवाखान्यात "बरं" म्हणालात, तसंच घाटावरही म्हणालात. दोन्ही वेळा मी खोटं बोललो होतो. तुम्ही एकदा तरी हाड म्हणायचं होतंत मला.

त्यानंतर हौदाकडं बघवेना. मंगल म्हणाली, "आता घाला की फरशी, कोन आडवतंय?" तिरकस म्हणाली की सरळ, कळलं नाही. मी फरशीवाल्याचा फोन उचलला नाही.

मग एक दिवस हिंजवडीला बस लावली आणि दुपारच्या सुट्टीत रिक्षा करून नेऱ्याला सुलीकडं गेलो. तुम्ही तिला लग्नानंतर ओटीत नारळाबरोबर चिलापीची पिल्लं दिली होती, पिशवीत पाणी घालून, आणि तिच्या सासूनं कपाळाला हात लावला होता. मी म्हटलं, तिच्याकडून चार मासे मागून आणावेत, हौद भरावा, कुणाला काही बोलायला नको. दिलेला शब्द गुपचूप खरा करून टाकावा. बघा, तेव्हाही सुटायचीच वाट शोधत होतो.

सुली गच्चीवर होती. भाडेकरूंचे कपडे वाळत घातलेले, आणि कडेला अर्धा कापलेला निळा पिंप. ती त्यातलंच पाणी तांब्यानं भरून हात उंच करून परत सोडत होती. पाठमोरी. वहिनी, मी जिन्यातच थांबलो.

मी मासे मागितले तशी ती एकदम फुलली. "न्या ना काका! दहाव्याला तुम्ही शब्द दिलात म्हणून तर आई मोकळी झाली. माझे सासरे पण म्हणतात, काका असावा तर असा. नाहीतर ते तात्या..."

माझ्याच्यानं पुढचं ऐकवलं नाही. मी म्हणालो, "सुले, बूच मी काढायला लावलं. तात्या नको म्हनत व्हते."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पालथ्या टबावर बसली. तांब्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मी तात्यांना काय काय बोलले. तुम्ही शेजारी होतात."

"व्हतो."

"आणि गप्प बसलात."

"बसलो."

"काका, तुम्हाला एक सांगू? तुम्ही दर बुधवारी धरणातली म्हणून जी चाटूनपुसून खायचात ना, ती हौदातलीच होती. कसली मासळीवाली आणि कसलं धरण! आई दोन दिवस आधी चांगले चांगले मासे काढून टिपाडात स्वच्छ पाण्यात ठेवायची, खायला काही घालायची नाही, म्हणजे चिखलाचा वास जातो. फक्त तुमच्यासाठी. आम्हाला तशीच मिळायची. मी म्हटलं, सांग ना एकदा काकांना, जिरव की त्यांची. तर म्हणाली, नको, ताटावर बसलेल्या मानसाला लाजवू ने."

ताटावर बसलेल्या माणसाला लाजवू नये. आणि मी तुमच्या मातीला आलेल्या माणसाला सगळ्या गावापुढं लाजवलं, वर तुमच्या पोरीच्या तोंडून. गच्चीवर ऊन होतं, खालून रस्त्याच्या कामाची धूळ येत होती, आणि मी पन्नाशीला टेकलेला माणूस परक्या घराच्या गच्चीवर हमसून रडलो. सुलीनं समजूत घातली नाही. बरोबर केलं तिनं.

"आधी तात्यांकडं जा," ती म्हणाली. "मग मासे. त्याआधी एक पिल्लू देणार नाही."

तात्या अंगणात दावं वळत बसले होते. गाय नाही, म्हैस नाही, दावं कशासाठी, विचारायची हिंमत झाली नाही. मी पाया पडलो तर त्यांनी पाय आखडून घेतले. "ऊठ. माज्याकडं काय मागतूस? तू सांगितलंस हे खरं, पर हात कुनाचा व्हता? इतकी वर्सं तिच्यासंगं त्या मासळीला कोंडा घातला मी. मला कळाया नको व्हतं? म्हनायचं व्हतं, काडत न्हाई जा, तुजं तू काड." मग उठून आत गेले आणि देवळीतून काहीतरी घेऊन आले. बूच. चिंधीसकट. "त्या दिशी मुठीतच ऱ्हायलं. टाकवंना. घिऊन जा."

ते हातात घेतलं आणि तसाच टपरीवर गेलो. तुमच्या फ्लेक्सच्या अगदी खाली. जेवढे बसले होते त्यांना सांगितलं, हौद मी मोकळा करायला लावला, तात्यांचा दोष नाही. एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं बाळू, दुःखात मानूस बोलून जातं." लोक लगेच सोडून देतात, वहिनी. मला कुणीतरी एक लाफा मारायला हवा होता.

गेल्या रविवारी हौद घासला. तात्या कडेवर बसून कुठं घासायचं ते दाखवत होते, "कोपरा ऱ्हायला, कोपरा ऱ्हायला." बूच नव्या चिंधीनं ठोकलं. पाणी भरून दोन दिवस उन्हात मुरू दिलं, तात्या म्हणाले तुम्ही तसंच करायचात. मग परतीच्या रिकाम्या बसमध्ये सुलीला नेऱ्यातून घेतलं. तिच्या मांडीवर झाकणाचा डबा, त्यात चिलापी. एकेका गतिरोधकावर मी गाडी अशी हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. घरी आल्यावर सुली आधी भिंतीपलीकडं गेली. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, मी गेलो नाही. दोघं डोळे पुसत आली आणि डबा तात्यांनीच हौदात सोडला.

खोल्यांवर परवा एक जोडपं आलं. पोरगी म्हणाली, "काका, कसला तरी वास येतोय." मी म्हटलं, "आमच्या वहिनींचे मासे आहेत, येणारच." मग त्यांना नेऊन दाखवले. माझा हात दिसला की मासे अजून पांगतात. पोरगी हसली, म्हणाली, "तुम्हाला घाबरतात की." म्हटलं, घाबरू देत.

सकाळी बस काढायच्या आधी मी हौदावर जातो. कळशी भरतो, हात वर नेतो, सोडतो. माझा हात तुमच्याएवढा उंच जात नाही, खांदा दुखतो, आणि निम्मं पाणी माझ्याच अंगावर. तात्या भिंतीवरून बघतात आणि हसतात. पिंपळावरचा एक कावळा मच्छरदाणीच्या कडेला येऊन बसतो. मी त्याला हाकलतो, पण दगड मारत नाही. खाण्याजोगी चिलापी व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पहिली होईल ती दोन दिवस टिपाडात ठेवणार नाही, वहिनी. चिखलाच्या वासासकट खाणार आहे, सगळ्यांसारखी.

आज सकाळी पेंड भिजवली, शिळी भाकरी चुरली, गोळे केले. तुमच्यासारखे गोल होत नाहीत. तुम्ही मला विचारलं होतंत ना?

टाकला, वहिनी. कोंडा टाकला. खरंच टाकला.